जिएदुशी: सीमेचा बंदोबस्त चोख, मालकी मात्र जपा

सेवा: लष्करी सुभेदारामार्फत (चिनीत जिएदुशी) सीमेचं रक्षण. ग्राहक: चीनचा थांग दरबार. वापर: 711च्या सुमारापासून 907पर्यंत. पाचपैकी गुण: सीमेवर साडेतीन, आग्नेयेत चार, ईशान्येतल्या हबेइत एक.

सुरुवातीचा माल खरोखर चांगला होता. तिबेटी किंवा खितान टोळ्या चालून आल्या की दर वेळी राजधानीतून फौज धाडण्यापेक्षा सीमेवरच पगारी शिपाई आणि एक सेनापती कायम ठेवायचा. 742च्या सुमारास अशी दहा ठाणी होती, मिळून सुमारे 4,90,000 शिपाई आणि 80,000 घोडे. किंमत मात्र जबर: वर्षाला कापडाचे 1 कोटी 2 लाख तागे आणि 19 लाख हू (जुनं चिनी माप) धान्य.

बिघाड जोडणीत आहे. फौजेबरोबर लष्करी शेती, खजिना आणि मुलकी अधिकाऱ्यांवरची देखरेख असे सगळे शिक्के हळूहळू एकाच हाती गेले. वर बदली करायची नाही! सेनापती आन लूशानला 742मध्ये पिंगलू, 744मध्ये फानयांग आणि 751मध्ये हदोंग हे ठाणं मिळालं. तिन्हींचं कागदोपत्री बळ 1,83,900. 755च्या अखेरीस तो उलटला, पुढच्या वर्षी राजधानी चांगआन पडली.

बंड संपल्यावरची 763ची दुरुस्ती तर मूळ बिघाडापेक्षा वाईट. शरण आलेल्या बंडखोर सरदारांनाच हबेइतले सुभे दिले. त्यांतल्या वेइबो सुभ्यात अशाच एका सरदाराने, त्येन छंगसने, एक लाखातून दहा हजार धट्टेकट्टे निवडून खास पहारा उभारला. पुढे सुभ्याचा खरा धनी हाच पहारा: बक्षिसी आटली की जुना सुभेदार कापायचा, नवा बसवायचा आणि दरबाराकडून शिक्कामोर्तब मागायचं. (यांना सरंजामदार म्हणण्याचा मोह टाळा, शिपाई जमिनीवर नव्हे, पगारावर जगत होते.) 781मध्ये सम्राट दत्सुंगने एका सुभेदाराच्या मुलाला बापाची गादी नाकारली, तर चार सुभे पेटले. आग पसरली, आणि ती विझवायला निघालेले जिंगयुआन सुभ्याचे 5,000 शिपाई 783मध्ये राजधानीतच बिथरले, निमित्त जाडंभरडं जेवण. सम्राट पळाला. रसदीत काटकसर करू नये ती इथे.

काय चाललं? सम्राट शियानत्सुंगच्या काळातले उपाय. 809मध्ये सुभेदाराने आधी स्वतःच्या जिल्ह्याच्या करावर भागवावं, असं ठरलं. बाकी जिल्ह्यांच्या करातला त्याचा वाटा दरबाराकडे वळला. 817मध्ये दरबाराचा सेनापती ली सू याने बर्फाच्या रात्री त्साइजोऊ शहरावर झडप घालून बंडखोर वू युआनजीला धरलं. 819मध्ये बाहेरच्या जिल्ह्यांतल्या तुकड्या तिथल्या मुलकी अधिकाऱ्यांकडे दिल्या. हबेइला मात्र हा डोस पुरला नाही. 821–22मध्ये तिथले तिन्ही सुभे पुन्हा हातचे गेले.

घ्यायचीच तर आग्नेयेतली आवृत्ती घ्या: फौज थोडी, भात भरपूर, सुभेदार बदलीवर. 807च्या हिशेबवहीत 48 सुभे आहेत. त्यातल्या 15 सुभ्यांनी घरांची मोजणीच कळवली नाही, आणि वार्षिक कराची भिस्त आग्नेयेच्या आठ सुभ्यांवर.

हबेइच्या आवृत्तीत पहारा काढून टाकायची सोयच नाही. 906मध्ये वेइबोच्या लुओ शाओवेइने श्वानवूचा सुभेदार जू वन याच्या मदतीने पहाऱ्याची सुमारे 8,000 कुटुंबं कापली. मदतीला आलेली फौज सहा महिने पोसता पोसता कोठारं रिकामी झाली. वर्षभरात जू वनने थांग सम्राटाला उतरवून स्वतः गादी घेतली, आणि लुओ कायमचा त्याच्या मुठीत. सहा जिल्हे आणि 43 तालुक्यांतलं लोखंड गोळा केलं तरी एवढा मोठा 'त्सुओ' ओतता येणार नाही, असं लुओ म्हणाल्याची नोंद आहे. चिनीत त्सुओ म्हणजे कानस, आणि चूकसुद्धा.