गोळ्यांचे बारा पत्ते, पैसा एक नाही: कुष्ठरोगाच्या सरकारी उपचाराचा माझा अनुभव

मी ब्लाउज शिवते. डाव्या कोपराजवळ इस्त्री टेकली ती मला जळकट वास आल्यावर कळली. तिथे एक फिकट चट्टा होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. खासगी डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून वर्षभर मलम लावायला लावलं. त्याचे पैसे गेले ते गेलेच.

मग शोधमोहिमेत आशाताई दारात आल्या. मला खोलीत नेऊन बाह्या वर करायला लावल्या, डोळे मिटायला सांगितलं आणि पेनाचं टोक टेकवून विचारलं, "कुठं लागतंय, बोट ठेवा." चट्ट्यावर मला काहीच लागेना. प्राथमिक आरोग्य केंद्रात सात चट्टे निघाले, त्यातले पाच पाठीवर. ते मला दिसणार कसे? पाचाच्या वर चट्टे म्हणजे बारा महिन्यांचा कोर्स.

देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे २००५ अखेरीसच जाहीर झालंय. पण ती देशाची सरासरी. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे चट्टा दिसला की आधी बोट टेकवून बघावं.

महिन्याला एक पत्ता. पहिला डोस त्यांच्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या घरी. लघवी लाल होईल हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. कातडी काळपट होईल हे मात्र कुणी नीट सांगितलं नाही. गिऱ्हाइकं विचारायची, "ताई, उन्हात फिरता का हो?" कोर्स संपून आठ महिने झाले, रंग आता कुठे उतरतोय. कोपराजवळचा बधिरपणा तसाच आहे. औषधाने जंतू मरतात, मेलेली नस परत येत नाही. मलमात घालवलेल्या त्या वर्षाचा हिशोब तेवढा राहिला.

घरच्यांनाही तपासून, त्यांना हा आजार होऊ नये म्हणून रिफॅम्पिसिन या औषधाचा एकेक डोस दिला. सासूबाई आधी म्हणाल्या, "मला काय झालंय?" मग मी पाणी हातात दिलं तशी निमूट गिळली.

तक्रारी दोन. आठव्या महिन्यात पत्ता आला नव्हता, दोन खेपा झाल्या, दोन दिवसांचं काम बुडालं. आणि त्या खोलीवर मोठ्या अक्षरांत 'कुष्ठरोग' लिहिलंय, बाहेरच्या बाकावर अर्धं गाव बसलेलं. मी दर वेळी तोंडावर पदर घेऊन आत शिरायचे.

पाचपैकी चार गुण. कापलेला एक त्या पाटीचा.