घटस्फोट संमतीने घ्यावा की लढून?

हिंदू विवाह कायदा, 1955 (बौद्ध, जैन, शीख यांनाही तोच लागू) दोन्ही वाटा देतो. लढून घ्यायच्या घटस्फोटाला आपण सर्रास ‘एकतर्फी’ म्हणतो, पण कोर्टाच्या भाषेत एकतर्फी म्हणजे समोरचा हजरच झाला नाही असा खटला.

संमतीच्या अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पती-पत्नी म्हणून नांदत नसलात तर एकाच छपराखाली राहूनही ही अट पूर्ण होऊ शकते. अर्जानंतर सहा महिने थांबायचं. सगळं आधीच मिटलं असेल तर 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. दोष शाबीत करावा लागत नाही, उलटतपासणी नाही. लढताना मात्र क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार असं कायद्यातलं कारण पुराव्यानिशी मांडावं लागतं आणि वर्षं सरतात. संमतीचाही धोका आहेच: हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं.

मुलांच्या ताब्याला दोन्हीकडे कसोटी एकच, मुलाचं हित. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. फरक इतकाच की संमतीत वेळापत्रक तुम्ही लिहिता, लढलात तर न्यायाधीश लिहितात. म्हणूनच ‘वडिलांना भेटण्याचा हक्क राहील’ एवढ्या मोघम वाक्यावर कृपा करून सही करू नका. कुठला वार, किती वाजता, आणणं-पोहोचवणं कुणी करायचं, मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, शाळेची फी, पासपोर्टवरची सही, सगळं कागदावर हवं. जे लिहायचं राहतं त्यावरच पुढे भांडणं होतात आणि मधे मूल भरडलं जातं. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेश कोर्टाकडून बदलून घेता येतो.

पोटगीत लढणाऱ्याला एक आधार आहे. खटला चालू असतानाच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी मागता येते, नवऱ्यालाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. संमतीत मात्र ‘एकदाचं सुटू दे’ म्हणून बायका पोटगीवर पाणी सोडतात, ते पाहून जीव तुटतो. मुलाच्या खर्चाचा हक्क मुलाचा आहे, आईने लिहून दिलं म्हणून तो बुडत नाही.

माझं मत विचाराल तर दोघांत बोलणं उरलं असेल तर संमतीच बरी. पण मारहाण होत असेल, उत्पन्न लपवलं जात असेल, मूल दडवून ठेवलं असेल, तर संमतीच्या आशेवर महिने घालवू नका, अर्ज करा.

दोघांचा वकील एकच असेल, तर सहीआधी मसुदा स्वतःच्या वेगळ्या वकिलाला दाखवा. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.