इटलीच्या रेल्वे तिकिटांत आमचे ८२,८९९ रुपये बुडाले. एजंटकडून तिकिटं घेतली असतील तर आजच तपासा

सरळ आकड्यावर येते. चौघांच्या इटलीतल्या रेल्वे प्रवासासाठी आम्ही पुण्यातल्या एका एजंटला ९२,६०० रुपये दिले. मिलान ते व्हेनिस, व्हेनिस ते फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्स ते रोम आणि रोम ते नेपल्स असे चार टप्पे होते. त्यातला फक्त पहिला खरा निघाला. त्या टप्प्याचं तिकीट माणशी २४ युरो ९० सेंट, म्हणजे चौघांचे ९९ युरो ६० सेंट. आमच्या फॉरेक्स कार्डवर युरो ९७ रुपये ४० पैशांनी पडला होता, त्या हिशेबाने ९,७०१ रुपये. उरलेले ८२,८९९ त्याने खाल्ले. नात्यातल्या बऱ्याच जणांना आम्ही अजून हे सांगितलेलं नाही, लाज वाटते. पण त्या माणसाचा धंदा चालूच आहे, म्हणून लिहिते आहे.

तिकिटं बनावट नव्हती, हे आधी लक्षात घ्या. व्हिसासाठी खोटी बुकिंग देणारे, नकली वेबसाइट चालवणारे तुम्हाला माहीतच आहेत. याने रेल्वेकडून खरी तिकिटं काढली, त्यांची पीडीएफ आम्हाला पाठवली आणि नंतर ती रद्द करून पैसे स्वतःच्या कार्डावर परत घेतले. इटलीच्या फ्रेचारोसा या वेगवान गाड्यांना ‘बेस’ भाड्याचं तिकीट गाडी सुटण्याआधी थोडी रक्कम कापून परत करता येतं. ‘सुपर इकॉनॉमी’चं परत होत नाही. रद्द झालं तरी आपल्या हातातला कागद तसाच राहतो. नाव, पीएनआर, डबा, आसन, क्यूआर कोड, सगळं जिथल्या तिथे.

आता ज्या गोष्टीने आजही झोप उडते ती सांगते. निघायच्या आधी मी सगळी तिकिटं छापून टेबलावर मांडली. मिलान-व्हेनिसच्या कागदावर ‘सुपर इकॉनॉमी’ लिहिलं होतं आणि खाली रक्कम होती. बाकी तीन कागदांवर ‘बेस’ होतं आणि रकमेच्या जागी पांढरी पट्टी. पट्टीच्या कडेला आकड्याची शेपटी राहिली होती, तीही मला दिसली. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, “काकू, तो आमचा कॉर्पोरेट रेट आहे, ग्राहकाला दाखवता येत नाही. आणि बेस मुद्दाम काढलंय. तुम्ही ज्येष्ठ माणसं, गाडी चुकली तर बदलून मिळेल.” बेसचं तिकीट बदलून मिळतं हे खरंच आहे, मी तपासून पाहिलं होतं. खऱ्या गोष्टीच्या आडून खोटं बोलणाऱ्याला पकडायचं कसं? मी सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य घातलेली बाई आहे. आंधळेपणाने पैसे दिलेले नाहीत. त्याचं ऑफिस पाहिलं होतं, पावती घेतली होती, आमच्या भिशीतल्या दोघी त्याच्याकडून दुबईला जाऊन आल्या होत्या. पण ती पांढरी पट्टी! ज्या कागदावर किंमत झाकली आहे तो कागद घेऊ नका. कितीही गोड बोलला तरी नाही.

दुसरी खूणही तेव्हाच समोर होती. पहिले ५०,००० कंपनीच्या खात्यात गेले आणि उरलेले ४२,६०० त्याने ‘मॅडमच्या खात्यावर’ मागितले. कारण काय, तर जीएसटी वाचेल.

मिलान-व्हेनिस प्रवास सुरेख झाला. तपासनीसाने कोड स्कॅन केला, हसून पुढे गेला. पहिला टप्पा खरा ठेवण्यामागचा हेतू हाच, की माणूस निर्धास्त व्हावा.

व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनातून फ्लॉरेन्सची गाडी पकडली आणि आपल्या जागांवर बसलो. पादोव्हाला एक कुटुंब चढलं आणि आमच्यापाशी येऊन थांबलं. बाईने फोन पुढे केला. डबा तोच, चारही आसनं तीच. मी माझा कागद तिच्या फोनशेजारी धरला आणि एकेक आकडा बोटाने दाखवला. काहीच वेगळं नव्हतं, फक्त पीएनआर निराळा. आम्ही रेल्वेची चूक समजून वाद घालत राहिलो. तपासनीस आला, त्याने आमचा कोड स्कॅन केला, पुन्हा केला, मान हलवली आणि यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला. तिकीट रद्द, पैसे परत दिलेले. सगळा डबा आमच्याकडे बघत होता. आमच्या जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या बोलोन्यापर्यंत सामानाच्या रॅकला धरून उभ्या होत्या. भाडं आणि वरचा अधिभार मिळून माणशी ७१ युरो, चौघांचे २८४ युरो तिथेच कार्डाने भरले.

एजंटचा फोन लागेना. मग फ्लॉरेन्स-रोम तिकिटं खिडकीवर घेतली, २१२ युरो. रोम-नेपल्सला पैसे वाचवायला साधी रेजिओनाले गाडी धरली, ५६ युरो. सव्वा तासाचा रस्ता जवळपास तीन तासांचा झाला. (त्या गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर दंड. हेही एजंट सांगत नाहीत.) एकूण ५५२ युरो, म्हणजे ५३,७६५ रुपये दुसऱ्यांदा गेले.

वाटेत एका शहरात पोलिसांकडे गेलो. दोन तास बाकावर बसवलं आणि पैसे भारतात दिलेत, तक्रार भारतात करा म्हणून वाटेला लावलं. तुम्ही आलात एवढं लिहिलेला कागद द्या म्हटलं, तोही नाही. परत आल्यावर इथलं पोलीस ठाणं. तिथे म्हणे गुन्हा इटलीत घडला! एकाने विचारलं, “तिकिटं मिळाली होती ना? मग फसवणूक कसली? दिवाणी वाद आहे.” अहो, विकून रद्द केलेलं तिकीट हे तिकीट असतं का? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची नोंद टाळता येत नाही. हे मला वाचून त्यांना सांगावं लागलं आणि उत्तर मिळालं, “मॅडम, उद्या साहेब आल्यावर या.” साहेब बंदोबस्ताला. मग साहेब बैठकीला. एवढ्याशा रकमेसाठी कशाला त्रास घेता, असंही ऐकवलं. आमच्या निवृत्तिवेतनातले पैसे आहेत ते, एवढेसे कसे? बँकेने तर हातच वर केले. तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे व्यवहार अधिकृत, आमची जबाबदारी नाही. क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान वाद नोंदवून पैसे अडवायला वाव होता. म्हणून सांगते, एनईएफटी आणि यूपीआयने एजंटला मोठी रक्कम देऊ नका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा तो कळल्याच्या क्षणी, परदेशातून जमत नसेल तर घरच्यांना करायला सांगा. लवकर कळवलं तर पैसे समोरच्या खात्यात गोठवता येतात. आमचे केव्हाच काढून झाले होते.

आता ग्राहक आयोगात जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, हे मला सांगायलासुद्धा कुणी नव्हतं.

तिकिटं शक्यतो रेल्वेच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. वेगवान गाड्यांची साधारण चार महिने आधी खुली होतात आणि स्वस्त भाडी आधी संपतात. आपलं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी चालू करून घ्या, बस. एजंटकडूनच घ्यायची असतील तर बुकिंगमध्ये ईमेल तुमचाच हवा. आमच्या बुकिंगवर त्याचा होता, म्हणून रद्द झाल्याची सूचना त्याला गेली, आम्हाला नाही. आणि पहिल्या शहरात उतरल्यावर पुढच्या सगळ्या टप्प्यांचे पीएनआर स्टेशनच्या खिडकीवर दाखवून विचारा. पहिलं तिकीट चाललं यावरून पुढच्यांबद्दल काही ठरवू नका.

सध्या तो स्पेन विकतो आहे. माद्रिद, सेव्हिया, बार्सिलोना, सगळं रेल्वेने, ज्येष्ठांसाठी खास. स्पेनची तिकिटं कुणी अशा एजंटकडून घेतली असतील तर आज रात्रीच कागद काढा, भाड्याचा प्रकार आणि रक्कम बघा, ईमेल कोणाचा आहे ते बघा. पट्टी दिसली तर त्याला फोन करण्याआधी १९३० ला करा.