'एचबीए नको' म्हणणाऱ्या समितीत माझे सव्वासहा लाख गेले

मी इंदूरला केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी करते. आम्हा कर्मचाऱ्यांना घरासाठी सरकारकडूनच अग्रिम कर्ज मिळतं, त्याला एचबीए (हाउस बिल्डिंग ॲडव्हान्स) म्हणतात. मार्च २०२२ मध्ये मी एका 'कर्मचारी कल्याण' समितीकडे हजार स्क्वेअर फुटांचा प्लॉट बुक केला आणि सप्टेंबरपर्यंत ६,२५,००० रुपये भरले. प्लॉट मिळाला नाही. मिळणारही नाही, कारण ती जमीन समितीची कधी नव्हतीच. आता तीच माणसं नव्या नावानं देवास रोडला बुकिंग घेताहेत. आमच्याच ऑफिसातल्या दोन नव्या मुलांनी गेल्या आठवड्यात मला तो कागद आणून दाखवला. कागद हातात घेतल्यावर माझे हात कापायला लागले. तेव्हाच ठरवलं, लाज बाजूला ठेवायची आणि सगळं लिहायचं.

त्या वेळी माझं मूळ वेतन ४७,६०० होतं. इंदूर वाय श्रेणीतलं शहर, तेव्हा घरभाडे भत्ता १८ टक्के, म्हणजे महिन्याला ८,५६८ रुपये. लोकमान्य नगरात आम्ही राहत होतो त्या दोन खोल्यांचं भाडं १३,०००. दर अकरा महिन्यांनी करार नवा आणि भाडंही नवं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, सासूबाईंचे गुडघे गेलेले. दवाखान्यात न्यायचं तर माझा मुलगा आणि हे त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवायचे. क्वार्टरसाठी नाव लावलं होतं, नंबर पुढे सरकत नव्हता. अशा घरात 'स्वतःची जागा' हा शब्द कोणी काढला की माणूस ऐकायला बसतोच. मीही बसले.

आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. गणपतीत ऑफिसची आरती तेच सांगायचे, माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी सर्व्हिस बुक कसं वाचायचं ते त्यांनीच शिकवलं. ते एका रविवारी घरी आले आणि म्हणाले, "अगं, आपल्याच लोकांसाठी स्कीम निघाली आहे. बाहेरच्याला देतच नाहीत. मी स्वतः घेतला आहे." भाव १,२५० रुपये फूट. त्या बाजूला बिल्डरकडे याच्या दुपटीहून जास्त सांगत होते. मी विचारलं, इतकं स्वस्त कसं? काका म्हणाले, "नफा नाही, तोटा नाही. कल्याणकारी काम आहे."

हा शब्द त्यांचा नव्हता, पत्रकातला होता. पत्रकावर तिरंग्याची पट्टी, वर सिंहमुद्रेसारखं चित्र आणि खाली 'सीजीईडब्ल्यूएचओच्या धर्तीवर' अशी ओळ. केंद्रीय कर्मचाऱ्यांना हे नाव ठाऊक असतं. १९९० मध्ये स्थापन झालेली ही खरी संस्था आहे, केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाखाली चालते आणि ना नफा ना तोटा तत्त्वावर घरं बांधते. पत्रकवाल्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. 'धर्तीवर' या एका शब्दानं त्यांनी तिची पुण्याई उचलली. सिंहमुद्रेचा असा वापर २००५ च्या कायद्यानं बंद आहे, हे मला नंतर कळलं. सरकारी नोकराच्या डोळ्यांना ती मुद्रा रोज दिसते, म्हणून ती पाहिली की शंका येतच नाही. हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

पुढच्या रविवारी बसनं जागा दाखवायला नेलं. सुपर कॉरिडॉरच्या पुढे, उज्जैनच्या दिशेला. गहू नुकताच काढलेला, पायाखाली खुंट टोचत होते. शेतात चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यांवर बांबूच्या खुंट्या आणि त्यांना लाल कापडाच्या चिंध्या. मंडप, पोहे-जिलबी, सगळ्यांना टोप्या. माझा ११४ नंबरचा प्लॉट दाखवला तेव्हा मी त्या चौकोनात उभी राहून मनातल्या मनात स्वयंपाकघर कुठे येईल ते पाहिलं. सासूबाईंची खोली खालीच हवी, हेही ठरवलं.

मंडपातच मी समितीच्या सचिवाला म्हणाले की मी एचबीए घेईन, प्लॉट घेऊन त्यावर घर बांधायलाही तो मिळतो. त्यावर तो जे बोलला त्यासाठीच मी हे सगळं लिहिते आहे. तो म्हणाला, "मॅडम, एचबीए की फाइल मत लगाइए। साल भर घूमेगी, तब तक रेट डबल हो जाएगा। पर्सनल लोन लीजिए, लड़का यहीं बैठा है।" खरंच तिथे टेबल टाकून एक मुलगा फॉर्म घेऊन बसला होता.

मला ते काळजीचं बोलणं वाटलं. आमच्या फायली किती फिरतात ते मलाच माहीत. पण एचबीए म्हणजे काय ते बघा. २०१७ च्या नियमांप्रमाणे ३४ महिन्यांचं मूळ वेतन, जास्तीत जास्त २५ लाख. मला १६,१८,४०० पर्यंत मिळू शकले असते. त्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ साठी, व्याज ७.१ टक्के आणि तेही सरळव्याज. आधी १८० हप्त्यांत मुद्दल फिटतं, मग ६० हप्त्यांत व्याज. माझा मुद्दलाचा हप्ता ९,००० च्या आत बसला असता. मी घेतलं पाच लाखांचं पर्सनल लोन, साडेअकरा टक्क्यांनी, हप्ता जवळजवळ ११,००० रुपये. सोळा लाखांपेक्षा पाच लाखांचा हप्ता जास्त, हे गणित मी एका कागदावर मांडलं असतं तर कळलं असतं. मी तर हिशेबाच्या शाखेत बसणारी बाई.

पण तोट्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. एचबीएची फाईल लावली की खातं मालकीचे कागद मागतं. जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर बोजा आहे का, सगळं पाहतं. शेवटी ती जागा भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे गहाण टाकावी लागते. जी जमीन विकणाऱ्याची नाही ती राष्ट्रपतींकडे गहाण कशी पडणार? सचिवाची अडचण एचबीएचा उशीर ही नव्हती, एचबीएची तपासणी ही होती. पर्सनल लोन देणाऱ्याला माझी पगारपत्रकं पुरली, प्लॉट त्यानं विचारलाही नाही.

पैसे असे गेले. बुकिंगचे ५१,००० माझ्या बचतीतून, चेकनं. एप्रिलमध्ये ३,४८,००० चेकनं. त्यातले ७४,००० सासूबाईंनी त्यांची एक पाटली मोडून दिले. सराफ्यात मी त्यांना नेलं नाही, त्यांनीच रुमालात बांधून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "खालच्या मजल्यावर झोपायचं आहे मला." जुलैमध्ये २६,००० चेकनं. सप्टेंबरमध्ये 'विकास शुल्क' म्हणून २,००,००० रोख. त्याची पावती साध्या पावती पुस्तकातली, वर समितीचं नावही नाही, नुसता निळा शिक्का. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यालाच मान्य नाही. त्या दोन लाखांचं आज पोलिसांपुढे काही सिद्ध करता येत नाही, फक्त तो निळा शिक्का आहे.

आणि करारनामा? तो नव्हताच. अलॉटमेंट लेटर होतं. रेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा, सांगतो की नोंदवलेला विक्री करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. साडेबारा लाखांचे दहा टक्के सव्वा लाख. माझ्याकडून अर्धी किंमत घेतली होती. पत्रकावर 'रेरा अप्लाइड' लिहिलेलं होतं. मला वाटलं, अर्ज केला आहे म्हणजे होईल. पण कायद्यात नोंदणीच्या आधी बुकिंगच काय, जाहिरातही करता येत नाही. 'अप्लाइड' या शब्दाला तिथे काही किंमत नाही.

माझे डोळे उघडले ते आमच्याच आस्थापना शाखेत. नोव्हेंबरमध्ये मी बांधकामासाठी एचबीएची चौकशी करायला गेले. तिथल्या ताईंनी आधी मालमत्तेच्या सूचनेचा फॉर्म पुढे केला. आपल्या आचरण नियमांत, नियम १८ मध्ये, स्थावर मालमत्ता घेण्याआधी खात्याला कळवावं लागतं. मी ते आधीच करायला हवं होतं, समितीनं 'रजिस्ट्रीनंतर द्या' म्हटलं आणि मी ऐकलं. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याचं नाव आणि पत्ता. ताईंनी विचारलं, "विकणारा कोण?" मी म्हटलं, समिती. "समितीच्या नावावर जमीन आहे? खसरा आणा." माझ्याकडे खसरा, म्हणजे जमीन कोणाची ते दाखवणारा सरकारी उतारा, नव्हता. आठ महिने झाले होते आणि मला विकणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं.

त्या रात्री भूलेखच्या, म्हणजे सरकारी जमीन-नोंदींच्या, साइटवर गाव आणि नकाशाच्या कोपऱ्यात बारीक छापलेला खसरा नंबर टाकला. पाच मिनिटंही लागली नाहीत. तीन भावांची नावं आली. समितीचं नाव कुठेच नाही, जमीन शेतीची, डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती वापराची नोंद, झालेलं नाही. रेराच्या साइटवर प्रकल्प नाही. दुसऱ्या दिवशी टीएनसीपीच्या, म्हणजे नगर नियोजन खात्याच्या, ऑफिसात गेले, तिथे त्या खसऱ्यावर कसलाही नकाशा मंजूर नव्हता.

मग आम्ही दोघं शेतावर गेलो. चुन्याच्या रेघा पुसल्या होत्या, हरभरा बोटभर वर आला होता. एका बांधावर लाल चिंधीची एक खुंटी उरली होती, तिला बैल बांधला होता. मोठा भाऊ भेटला. चांगला माणूस. त्यानं खाट टाकून बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, समितीवाल्यांनी इसार म्हणून पन्नास हजार दिले होते, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं होतं, पुढचे पैसे आलेच नाहीत. "बाईसाब, आपके जैसे बहुत आए।"

घरी आल्यावर सासूबाईंना सांगायला मला तीन दिवस लागले. त्या काही बोलल्या नाहीत. पाटलीचा विषय त्यांनी आजवर काढलेला नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

समितीच्या लेटरहेडवर नोंदणी क्रमांक होता, तो खोटा नव्हता. पण ती नोंदणी १९७३ च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालची होती, ज्याखाली मंडळं, क्लब, सांस्कृतिक संस्था नोंदवतात. गृहनिर्माण सहकारी संस्था मध्य प्रदेशात १९६० च्या सहकारी कायद्याखाली असते, तिचा कारभार सहकार खात्याच्या उपपंजीयकांपुढे असतो, सभासदांची यादी असते, ऑडिट असतं. दोन्हींना बोलताना आपण 'समिती', 'सोसायटी' म्हणतो आणि इथेच माणूस चुकतो. इंदूरकरांना गृहनिर्माण संस्थांचे घोटाळे काही नवे नाहीत, खऱ्या सहकारी संस्थांतही लोकांचे प्लॉट वर्षानुवर्षं अडकले. इथे तर सहकारी संस्थाच नव्हती. कोणी नोंदणी क्रमांक दाखवला तर तो कुठल्या कायद्याखालचा, एवढं आधी विचारा.

आम्ही सभासदांनी व्हॉट्सॲपवर एकमेकांना शोधायला सुरुवात केली तेव्हा ११४ नंबरचे आणखी दोन मालक निघाले. एक पोस्टातले, एक रेल्वेतल्या बाई. तिघांच्या अलॉटमेंट लेटरवर तारीख वेगळी, सही तीच.

काकांबद्दल लोक मला विचारतात. त्यांनी निवृत्तीच्या पैशांतले नऊ लाख घातले होते. सभासद आणला की दहा हजार तुमच्या प्लॉटमधून कमी करू, असं त्यांना सांगितलं होतं. ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही आणि त्याचा मला राग आहे. पण ते फसवणारे नव्हते. शेवटचे भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "मी माणसं बघितली गं, कागद बघितले नाहीत." मीही तेच केलं. मी काकांना बघितलं.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही तक्रार दिली, तेव्हाच्या दंड विधानाच्या ४२० (फसवणूक) आणि ४०६ (विश्वासघात) कलमांखाली गुन्हा नोंदवला गेला. सचिवाला अटक झाली, जामीनही झाला. दबावामुळे काही जणांना थोडे पैसे परत आले, माझे चेकमधले दीड लाख आले. बाकी अडकले आहेत. माझ्या लोनचा शेवटचा हप्ता एप्रिल २०२७ चा. आम्ही अजून दुसऱ्याच मजल्यावर राहतो.

नव्या पत्रकात समितीचं नाव वेगळं आहे, रंग वेगळे आहेत, पण 'कर्मचारी कल्याण' तेच आहे आणि खाली बारीक अक्षरांत 'पर्सनल लोन सुविधा उपलब्ध' हेही. त्या दोन मुलांना मी माझ्या टेबलाशी बसवून भूलेख उघडायला लावलं. खसरा नंबर पत्रकावर नव्हता. मी म्हटलं, फोन करून मागा. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, पलीकडून उत्तर आलं, "पहले बुकिंग कर लीजिए, नंबर भेज देंगे।" मुलांनी फोन ठेवला.

आमच्यात आता तेवीस जण आहेत. ज्यांच्याकडे त्या निळ्या शिक्क्याची पावती किंवा अलॉटमेंट लेटर असेल, त्यांनी ते फाडू नका, लाजेनं लपवूही नका. बँकेच्या स्टेटमेंटची प्रत आणि लेटर दोन्ही घेऊन मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईला या. आम्ही सगळे एकत्र अर्ज देतो आहोत, आणि ११४ नंबरचा चौथा मालक कुठे असेल तर त्याचीही आम्हाला गरज आहे.