एका चिरलेल्या नळीवर दोन मोठ्या दुरुस्त्यांचे बिल

जुन्या डिझेल पिकअप ट्रकचे ब्रेक कडक झाले आहेत आणि त्याच सुमारास फोर-व्हील ड्राइव्हही लागेनासा झाला आहे, अशा दोन तक्रारी घेऊन जे गॅरेजमध्ये जाणार असतील त्यांनी कोणताही भाग बदलण्यास संमती देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठीच तो लिहीत आहे. माझ्याकडून ब्रेक बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग), मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आणि ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांत वाटणारी पेटी) हिच्या ओव्हरहॉलचे, म्हणजे खोलून केलेल्या दुरुस्तीचे, पैसे घेण्यात आले. बिघाड मात्र एका रबरी नळीला गेलेल्या चिरेत होता आणि ती चीर बिल करणाऱ्या मेकॅनिकने पाहिलेली होती. पैसे गेल्याचा संताप आहेच. पण माल भरलेल्या गाडीचे ब्रेक उतारावर पुन्हा कडक झाले आणि केवळ खालचा गिअर व हँडब्रेक यांच्या आधाराने ती थांबवावी लागली, तेव्हा हे प्रकरण पैशांपुरते उरले नाही.

मूळ तक्रार अशी होती की पेडल पूर्ण उंचीवर राही, परंतु गाडी थांबवण्यासाठी त्यावर अंगातला सगळा जोर द्यावा लागे. ब्रेक ऑइलची पातळी उतरत नव्हती आणि कोठे गळतीही नव्हती. फोर-व्हील ड्राइव्हचा लिव्हर पडत होता, तरी पुढची चाके ओढ घेत नव्हती. गॅरेजच्या मेकॅनिकने एक छोटी फेरी मारली आणि कोणतेही मापन न करता सांगितले की बूस्टर गेला आहे, त्यासोबत मास्टर सिलिंडरही बदलावा लागेल आणि ट्रान्सफर केसमधली साखळी ताणली आहे. दोन बिघाड एकाच वेळी कसे उद्भवले, या प्रश्नावर ‘गाडी जुनी झाली’ एवढेच उत्तर मिळाले. जुन्या गाडीच्या मालकाला हे उत्तर सहज पटते, आणि फसवणारा नेमका त्याच्याच आधाराने पुढे सरकतो.

या दोन यंत्रणांमधला दुवा तेथेच तपासला जायला हवा होता. बूस्टर पायाच्या जोराला मदत करतो ती व्हॅक्यूमच्या, म्हणजे निर्वाताच्या, बळावर. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. जुन्या डिझेल इंजिनांत तो तसा मिळत नसल्याने वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच शाफ्टवर फिरतो. ज्या गाड्यांत पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाकाला अ‍ॅक्सलशी जोडणारे भाग, व्हॅक्यूमने लॉक होतात, तेथे याच पंपाच्या नळीला फाटा काढून एक शाखा हबकडे नेलेली असते. फाट्याच्या अलीकडे नळी चिरली की ब्रेक आणि हब दोन्हींचे बळ एकदम जाते. पेट्रोल इंजिन अशा गळतीमुळे आयडलला थरथरते व काही सुगावा देते. डिझेल इंजिन मात्र व्यवस्थित चालत राहते, त्यामुळे दोष लपून राहतो.

पेडलही पुष्कळ काही सांगत असते. ब्रेकमध्ये हवा शिरली तर ते स्पंजासारखे दबते. मास्टर सिलिंडर आतून गळत असेल तर सतत दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत जाते. गाडी एका बाजूला खेचत असेल तर दोन्ही बाजूंच्या चाकांपाशी ब्रेक दाबणारे भाग, म्हणजे कॅलिपर व व्हील सिलिंडर, किंवा आतून सुजलेली रबरी ब्रेक नळी पाहावी लागते. माझे पेडल उंच आणि कडक होते, म्हणजे मास्टर सिलिंडरवर संशय घेण्याचे कोणतेही कारण नव्हते, तरीही तो बदलला गेला.

दुरुस्तीनंतर थोडे दिवस सारे ठीक चालले आणि मग उतारावरचा तो प्रसंग घडला. दुसऱ्या मेकॅनिकने सर्वप्रथम व्हॅक्यूम गेज लावला. पंपाच्या तोंडाशी पाऱ्याचे 20 इंचांहून अधिक माप मिळाले, म्हणजे पंप ठीक होता. बूस्टरकडच्या टोकाला काटा जेमतेम हलला. नळी हाताने चाचपत गेल्यावर बॅटरीच्या मागे, जेथे ती पत्र्याला घासते, तेथे चीर सापडली. चिरेभोवती नवी काळी टेप गुंडाळलेली होती आणि इंजिनाच्या उष्णतेने ती सैल झाली होती. जुन्या, तेलकट नळीवरची ती नवी टेप आधीच्या दुरुस्तीच्या वेळीच लावली गेली होती, कारण त्यानंतर गाडीला कोणीही हात लावला नव्हता. व्हॅक्यूमसाठीच बनवलेली जाड नळी बसवताच दोन्ही तक्रारी संपल्या. येथे पाण्याची साधी नळी चालत नाही, कारण आतल्या ओढीने ती चपटी होऊन मिटते.

मग बाकीच्या कामाचीही शहानिशा केली. बूस्टरवर ताजा काळा रंग होता आणि त्याखाली गंजाचे जुने खड्डे होते. माझा म्हणून दाखवलेल्या ‘जुन्या’ बूस्टरची बोल्टची छिद्रे माझ्या गाडीशी जुळतच नव्हती. ट्रान्सफर केसच्या दोन भागांच्या सांध्यावर वर्षानुवर्षांचा चिखल अखंड होता, त्याच्या बोल्टांवर पान्याची खूण नव्हती आणि आतले तेल काळे होते. ओव्हरहॉल झालेल्या केसमध्ये असे तेल असू शकत नाही.

ज्या तपासण्या गाडीमालकाला स्वतःच्या डोळ्यांदेखत करून घेता येतात, त्या साध्या आहेत. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग ते दाबून धरून इंजिन सुरू करावे. बूस्टर आणि व्हॅक्यूम ठीक असतील तर पेडल पायाखाली किंचित खाली जाते. गेले नाही, तर बूस्टरला दोष देण्यापूर्वी नळीच्या टोकाशी गेज लावण्याचा आग्रह धरावा. फोर-व्हील ड्राइव्हसाठी सपाट जागी मागच्या चाकांना अडण लावून, इंजिन बंद ठेवून आणि लिव्हर फोर-व्हीलमध्ये टाकून पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसकडून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा, हाताने फिरवून पाहावा. तो घट्ट अडकलेला असेल तर ट्रान्सफर केस जोडली जात आहे, आणि दोष पुढे हबकडे किंवा त्यांच्या व्हॅक्यूमकडे शोधायला हवा. साखळी खरोखर ताणलेली असती तर भाराखाली तिचे दणके ऐकू आले असते.

छायाचित्रे आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल समोर ठेवल्यावर ट्रान्सफर केसचे पैसे परत मिळाले. बूस्टरचे मिळाले नाहीत. तो रिकंडिशन केलेला, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला, बसवला होता, असा दावा गॅरेजने केला, आणि बिलावर ‘ब्रेक बूस्टर, 1 नग’ एवढेच लिहिलेले होते. नवीन असा शब्द नव्हता आणि पार्ट क्रमांकही नव्हता.