पन्नाशीचं डुक्कर

नवऱ्याच्या पन्नाशीला घरामागच्या बागेत अख्खं डुक्कर भाजून घेतलं. डुक्कर ४५ किलोचं, पाहुणे ७२, बिल ८९० पौंड. सेवा देणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि तो म्हातारा मला आवडला होता. पण इंग्लंडातल्या ग्लॉस्टर-स्ट्राउड भागात कुणी हॉग रोस्ट मागवणार असेल तर त्यांनी हे वाचून मगच पैसे भरावेत. इथे सगळ्यांच्या जाहिरातीत तेच एक सोनेरी डुक्कर असतं, त्यावरून काही कळत नाही.

मी वसईची. आमच्याकडे लग्नघरी डुक्कर म्हणजे मोठ्या टोपातलं इंद्याल (शिरक्यात वाटलेल्या मसाल्यातलं मांस) आणि सोरपोतेल (काळीज, हृदय घालून केलेलं). अख्खं जनावर दांड्यावर गरगर फिरताना मी या देशात येईपर्यंत पाहिलं नव्हतं. वॉर्डातल्या एका सिस्टरच्या लग्नात पहिल्यांदा पाहिलं, कातड्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि तेव्हाच ठरवलं होतं, की आपल्याही घरी कधीतरी.

फोनवर त्यांचा पहिला प्रश्न पाहुणे किती हा नव्हता, फाटकाची रुंदी किती हा होता. यंत्राला ९० सेंटिमीटर लागतात, आमचं फाटक ८४. "बिजागरीतून काढून ठेवा, माय लव्हर," म्हातारा म्हणाला. (नवीन आलेल्यांसाठी: ब्रिस्टल-ग्लॉस्टरकडे बसचा ड्रायव्हरसुद्धा असंच म्हणतो. घाबरू नका.) दुसरा प्रश्न डुकराच्या जातीचा. साधं हवं की ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट? ही इथलीच जुनी जात, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. सफरचंदाच्या बागांत गळालेली फळं खाऊन वाढायची, आणि अंगावर पडलेल्या सफरचंदांचे डाग म्हणजे हे ठिपके, अशी इथली दंतकथा. ठिपक्यांचे ९० पौंड जास्त. मी दिले आणि त्याचं मला दुःख नाही. या जातीला चरबी चांगली असते. ती वितळून मांसाला आतून भिजवत राहते, म्हणून सात तास आगीवर राहूनही मांडीचं मांस कोरडं पडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सात वाजता म्हातारा आणि त्याचा भाचा हजर. यंत्र म्हणजे स्टीलची लांब पेटी, खाली बर्नरच्या रांगा, बाजूला आपल्या घरच्यासारखाच लाल सिलिंडर. दांडा मागून घालून तोंडातून बाहेर काढलेला. पाठीचा कणा लोखंडी पकडींनी दांड्याला आवळलेला, पाय तारेने बांधलेले. ही बांधणी मी उभी राहून पाहिली. कणा नीट आवळला नाही, तर मांस मऊ झाल्यावर दांडा आतल्या आत फिरतो आणि डुक्कर जागच्या जागी लोंबकळतं, खालून जळतं, वरून कच्चं. यांचं शेवटपर्यंत तसूभर हललं नाही. इथे त्यांना पैकीच्या पैकी गुण.

कातडं भाच्याने आदल्या दिवशीच चिरून आणलं होतं. कार्पेट कापायच्या सुरीने, बोटभर अंतरावर, फक्त चरबीपर्यंत. मांसाला पातं लागलं की रस वर येतो आणि कातडं भिजतं. मग रात्रभर थंड खोलीत उघडंच टांगून ठेवलेलं. हाताला अगदी पापडासारखं सुकं लागत होतं. वरून मूठ-मूठ मीठ चोळलं, आणि बस. मसाला? "मीठ आणि वेळ," म्हातारा म्हणाला. मी गप्प बसले. फ्रीजमध्ये माझी एक बरणी तयार होती, तिच्याबद्दल पुढे.

जेवण दोनला ठरलं होतं. पावणेदोनला त्याने खांद्याच्या जाड भागात थर्मामीटर खुपसला: ६१ अंश. मांडीत ७७ आणि डाव्या खांद्यात ६१. सकाळच्या वाऱ्याने त्या टोकाचे दोन बर्नर विझले होते आणि मामा-भाचे तेव्हा चहा पीत होते. किती वेळ विझलेले होते ते कुणालाच ठाऊक नाही. ही सरळसरळ हलगर्जी. यंत्राला वाऱ्याचा आडोसा होता, पण तो व्हॅनमध्येच राहिला.

मात्र पुढे तो जसा वागला, त्याबद्दल मी, रोज तापमानाच्या नोंदी करणारी नर्स, त्याच्यावर खूश आहे. माझा दीर म्हणत होता, मांडीकडून सुरू करा, लोक भुकेले आहेत. म्हाताऱ्याने सुरी हातातच घेतली नाही. "खांदा ७५ होईपर्यंत मी याला हात लावणार नाही." सव्वातीनला ७६ झाला, त्याने वहीत वेळ लिहिली आणि मग कापायला घेतलं. तोवर पाहुण्यांनी मी पहाटे उठून तळलेले सगळे फुगे (आमच्याकडचे गोल, फुगलेले पाव) संपवले. ते खरं तर दुसऱ्या दिवसासाठी होते.

क्रॅकलिंग, म्हणजे ते कातडं, अप्रतिम. शेवटची चाळीस मिनिटं त्याने आच वाढवली, झाकण उघडं ठेवलं, आणि कातडं साबुदाण्याच्या पापडासारखं फोड-फोड येऊन फुललं. दाताखाली कडकन फुटतं, मग आतली चरबी विरघळते. आमच्याकडच्या कुठल्याच पदार्थात हे नाही, हे माझ्या सासूबाईंनीही व्हिडिओ कॉलवर नुसत्या आवाजावरून मान्य केलं.

पण वाटप! एका डुकराला कातडं एकच असतं, हे त्या भाच्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. पहिल्या तीस जणांना तो तळहाताएवढे तुकडे देत सुटला. रांगेच्या शेवटी आमचे शेजारी, वय ८१, प्लेट घेऊन उभे. त्यांच्या वाट्याला पाव, मांस आणि सॉरी. तुम्ही मागवाल तेव्हा कातडं सुरुवातीलाच सगळं उतरवून, तुकडे करून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगा आणि ट्रेजवळ घरचं माणूस उभं करा.

बाकी नेहमीचं. मऊ गोल पाव, सेजचा पाला आणि कांदा घातलेलं स्टफिंग, ब्रॅमली सफरचंदांचा आंबटगोड सॉस. सॉस चांगला होता. त्याच्या शेजारी मी माझी बरणी ठेवली: काश्मिरी मिरची, लसूण, जिरं, हळद, वसईहून आणलेल्या ताडीच्या शिरक्यात वाटलेली, तेलावर परतलेली. इंद्यालचा मसालाच, जरा घट्ट. अर्ध्या तासात बरणी रिकामी झाली आणि म्हाताऱ्याने बोट फिरवून तळ चाटला. मीठ आणि वेळ!

शाकाहारींचा विषय मात्र संतापजनक. आमच्या महाराष्ट्र मंडळाची १४ माणसं मांस न खाणारी. त्यांच्यासाठी भरलेल्या सिमला मिरच्या वेगळ्या सांगितल्या होत्या, वेगळे पैसे मोजले होते. भाच्याने त्या डुकराच्याच चिमट्याने उचलल्या. देशपांडे काकूंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, फक्त प्लेट खाली ठेवली. मी आत जाऊन चौदा जणांसाठी पिठलं टाकलं, समारंभाच्या कपड्यात, घड्याळात चार वाजलेले. शाकाहारी जेवण या लोकांकडून घेऊच नका. घरी करा.

आता माझं खरं दुखणं. बुकिंग करतानाच मी सांगितलं होतं, की काळीज, हृदय वेगळं बांधून द्या, मला सोरपोतेल करायचंय. "नक्की, माय लव्हर." डुक्कर आलं ते आतून धुऊन पुसून रिकामं. खाटकाकडेच राहिलं म्हणे. ठीक. पण साडेपाचला मी सरबताचे ग्लास गोळा करून परत येते तर डोकं नाही! कान, गाल, पाय, सगळं काळ्या पिशवीत, पिशवी व्हॅनमध्ये. गालाचं मांस म्हणजे सगळ्या डुकरातलं सगळ्यात मऊ, आणि हे लोक ते फेकतात, वर त्याला सेवा म्हणतात. तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, डोकं ठेवलंस ना बाजूला?"

मी व्हॅनपाशी गेले आणि पिशवी मागितली. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. नियम आहे वगैरे म्हणाला. मी म्हटलं, पैसे मी दिलेत, डुक्कर माझं आहे, आणि अर्धा तासही झालेला नाही. एक डोकं, दोन पाय आणि पाठीची हाडं परत मिळाली. कान तोवर त्याच्या कुत्र्याने खाल्ले होते.

रात्रीच गाल सोडवले आणि उरलेल्या तीन-चार किलो मांसाबरोबर फ्रीजमध्ये गेले. रविवारी त्याचं इंद्याल केलं, दोन टोप. हाडांवर वाटाणे शिजवले. सोमवारी एक डबा वॉर्डात नेला आणि दुसरा शेजारच्या आजोबांना दिला, कातड्याची भरपाई म्हणून.

पुढच्या वर्षी मुलीचं ग्रॅज्युएशन आहे. याच म्हाताऱ्याला बोलावणार आहे. डोकं, कातडं आणि वाऱ्याचा आडोसा, तिन्ही गोष्टी कागदावर लिहून घेऊन. भाच्याच्या हातातला चिमटा मी स्वतः सांभाळीन.