हवानाची की एस्तेलीची? सिगारची पेटी निवडण्यापूर्वी

साठीच्या समारंभासाठी किंवा मुलाच्या लग्नातल्या पाहुण्यांसाठी सिगारची एक चांगली पेटी घ्यायची आहे, तर ती क्युबातल्या हवानाची घ्यावी की निकाराग्वातल्या एस्तेली या शहराची, असा प्रश्न टोरांटोतले मराठी मित्र मला वर्षातून दोनचार वेळा तरी विचारतात. अमेरिकेतल्या मित्रांपुढे हा पेच नाही, कारण 1962 पासूनच्या निर्बंधांमुळे तिथल्या दुकानांत क्युबाची सिगार मिळत नाही. पण कॅनडात, लंडनमध्ये किंवा दुबईत राहणाऱ्याला दोन्ही पेट्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. जाडी, लांबी, पानाचा प्रांत आणि किंमत या गोष्टी दुकानदार सांगतोच, म्हणून त्या मी येथे सोडून देतो. चवीबद्दलही फार लिहिणार नाही, कारण ती ज्याची त्याची असते. दोन्हीकडचा एकेक कारखाना मी पाहिला आहे, आणि सिगार कशी वळली जाते यापेक्षा ती केव्हा तपासली जाते याच मुद्द्यावर माझी निवड झाली.

हवानाच्या कारखान्यातले वळणाऱ्यांचे दालन शाळेच्या वर्गासारखे असते. रांगेने लाकडी बाके आणि प्रत्येक बाकावर एक तोरसेदोर, म्हणजे सिगार वळणारा कारागीर. कोणते पान किती घ्यायचे हे त्याने ठरवायचे नसते. त्या त्या सिगारच्या ठरलेल्या मिश्रणानुसार त्याला पाने मोजून मिळतात. त्यानंतरचे सर्व काम मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हातचे असते. तो फिलरची, म्हणजे आत भरायची, पाने तळहातावर लांबीच्या दिशेने चुण्या घालत गोळा करतो आणि लिगेरो हे रोपाच्या वरच्या भागातले जड, सावकाश जळणारे पान बरोबर मध्यभागी ठेवतो. ते बाजूला सरकले, तर सिगार एका अंगाने जळत जाते. मग तो ही पाने बाइंडर या आतल्या आवरणाच्या पानात गुंडाळतो; या अवस्थेतल्या सिगारला बंच म्हणतात. बंच साच्यात दाबून ठेवायचा, काही वेळाने बाहेर काढायचा, चावेता या बिनमुठीच्या पात्याने रॅपर, म्हणजे सर्वांत बाहेरचे पान, कापायचे, ते हलक्या हाताने ताणत पायथ्यापासून डोक्याकडे तिरपे चढवत न्यायचे आणि वनस्पतिजन्य डिंकाचे बोट लावून तोंडात धरायच्या टोकावर पानाची टोपी बसवायची, असा हा क्रम आहे. दालनाच्या एका टोकाला वाचकाची खुर्ची असते. कामगारांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवण्याची ही प्रथा हवानातल्या एल फिगारो कारखान्यात 1865 साली सुरू झाली आणि आजही टिकून आहे. वाचन आवडले की सगळेजण चावेता बाकावर ठोकतात. तो आवाज एकदा ऐकलेल्या माणसाला हवानाबद्दल कठोर लिहिणे जड जाते, हे येथेच कबूल करतो.

एस्तेलीची विद्या मूळची हवानाचीच आहे. 1960 साली क्युबातला सिगार उद्योग सरकारच्या ताब्यात गेल्यावर देश सोडून गेलेल्या तंबाखू-कुटुंबांपैकी काहींनी पुढे निकाराग्वात बस्तान बसवले. होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी 1964 साली मायामीत सुरू केलेला व्यवसाय 1970 साली एस्तेलीत आणला. 1978 च्या उठावात त्यांचा कारखाना जळाला, तरीही तो पुन्हा उभा राहिला. फरक आहे तो कामाच्या वाटणीत. येथे एका बाकावर दोघे बसतात. एकाने, आणि तो बहुधा पुरुष असतो, दिवसभर फक्त बंच बांधायचे; दुसरीने, आणि ती बहुधा स्त्री असते, फक्त रॅपर आणि टोपी चढवायची. मी पाहिलेल्या कारखान्यात फिलरची पाने चुण्या घालून गोळा न करता प्रत्येक पानाची बारीक नळी करून त्या नळ्या एकत्र धरत होते. या पद्धतीला एन्तुबादो म्हणतात. तिला वेळ जास्त लागतो, पण नळ्यांमुळे धुराला सरळ वाट मिळते. पद्धत मूळ क्युबाचीच असल्याचे तिथले लोक सांगतात. मला मात्र ती हवानाच्या त्या दालनात क्वचितच दिसली.

आता माझ्या त्रासाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या साठीसाठी मी हवानाची 25 सिगारची एक पेटी अधिकृत दुकानातून घेतली होती. ब्रँडचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष एका नावाचा नव्हता. रॅपर रेशमासारखे होते, रंग एकसारखा होता, झाकण उघडताच खोली सुगंधाने भरली होती, आणि त्या पेटीतल्या सात सिगार चोंदलेल्या निघाल्या. चोंदलेल्या सिगारइतकी अवघड पाहुणेमंडळींत दुसरी गोष्ट नसते. झुरका घेणाऱ्याचे गाल आत जातात, धूर येत नाही, तो पुन्हा काडी ओढतो, सिगार तापते, कडू होते, आणि यजमानाला वाईट वाटू नये म्हणून तो काही बोलतही नाही. उत्सवमूर्तीच्याच हातात अशी एक गेली. मी घरी आणून तिला उभी चिरली, तेव्हा टोपीपासून जेमतेम दोन बोटांवर एक पान पिळल्यासारखे आडवे पडलेले आढळले. सिगारचा बाकीचा भाग उत्तम बांधला होता.

हे पान तपासणीतून सुटले कसे, हा प्रश्न मी पुढे दोन्ही ठिकाणी मनात घेऊन गेलो. हवानात तयार सिगार 50 च्या जुडीत बांधून देतात. या जुडीला मेदिया रुएदा, म्हणजे अर्धे चाक, असे नाव आहे. तिचे वजन होते, लांबी आणि जाडी मापाला लावून पाहिली जाते, टोपी आणि रॅपरची शीर नजरेखालून जाते, बोटांनी दाबून कडक-मऊ भाग शोधले जातात आणि त्यातल्या मोजक्या सिगार चव घेणारे लोक ओढून पाहतात. वजन जास्त भरले तर पान जास्त कोंबले गेले, इतके कळते. पण पान पिळले गेले असेल तर वजन बरोबरच येते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मागणी वाढल्यावर उत्पादन घाईने वाढवले गेले आणि चोंदलेल्या सिगारच्या तक्रारी इतक्या झाल्या, की पुढच्या काही वर्षांत तिथे हवेची ओढ मोजणारी यंत्रे आली. मी गेलो तेव्हा त्या यंत्रावर प्रत्येक तोरसेदोरचे थोडेच बंच नमुन्यादाखल लावले जात होते.

एस्तेलीतल्या कारखान्यात हेच यंत्र दालनाच्या मध्यभागी होते आणि साच्यातून निघालेला प्रत्येक बंच, रॅपर चढण्याआधी, त्यावर लावला जात होता. बंच चिमट्यात धरतात, यंत्र हवा खेचते आणि काटा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये अडथळा दाखवतो. काटा हद्दीबाहेर गेला, की बंच बांधणाऱ्याकडे परत जातो. तो बाइंडर उलगडतो, अडलेले पान सरळ करतो आणि पुन्हा बांधतो. सगळा मिळून एखाद्या मिनिटाचा खेळ, आणि पानही वाया जात नाही.

माझे बालपण सिन्नरला गेले असल्यामुळे हे दृश्य मला अधिक लागले असावे. आमच्या आळीतल्या बायका दिवसभर मांडीवरच्या सुपात विड्या वळत आणि संध्याकाळी माल घेऊन कारखान्यात जात. तिथला तपासनीस त्यातून छाट काढी. छाटीत गेलेल्या विडीचे पैसे मिळत नसत आणि ती सुधारून देण्याची सोयही नसे. काम पूर्ण झाल्यावर होणारी तपासणी फक्त नाकारू शकते. रॅपर चढलेल्या सिगारचेही तसेच आहे; ती उलगडून पुन्हा वळणे कोणाला परवडत नाही, म्हणून शंकेचा फायदा तिला मिळतो आणि ती पेटीत जाते.

हवानावर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. रंगाच्या छटांप्रमाणे निवड करून पेटीत डावीकडे गडद आणि उजवीकडे फिकट अशी मांडणी करण्याचे काम तिथल्यासारखे मी अन्यत्र पाहिले नाही, आणि क्युबातल्या व्हुएल्ता आबाहो या भागातल्या पानाचा सुगंध एस्तेलीच्या पानाला येत नाही, असे माझे नाक सांगते. शिवाय घट्ट ओढ हा दर वेळी वळणाराचाच दोष नसतो. पान ओलसर राहिले तरी ते फुगते. त्या सातांपैकी उरलेल्या सिगार मी घरच्या पेटीतली आर्द्रता थोडी कमी करून चार महिने ठेवल्या, तर तीन बऱ्याच मोकळ्या झाल्या. बारीक सिगारमध्ये एका पिळलेल्या पानानेही वाट बंद होते, जाडीत ती बाजूने निघते. त्यामुळे हवानाचीच घ्यायची असेल तर जाड घ्यावी. एस्तेलीच्या सिगारही निर्दोष नाहीत. क्वचित एखादी इतकी मोकळी निघते की भराभर जळून तोंड पोळते, आणि तिथल्या लिगेरोचा जोर रिकाम्या पोटी घेणाऱ्याला घेरी आणू शकतो. पाहुण्यांना ती जेवणानंतरच द्यावी.

तरीही पंचवीस माणसांच्या हातात एकाच वेळी द्यायची असेल, तर माझ्यापुरता कौल एस्तेलीकडे जातो. त्या साठीनंतर तीन समारंभांना मी तिथल्याच पेट्या नेल्या आणि कोणाचे गाल आत गेलेले मला दिसले नाहीत. हवानाच्या मी आता पेटीने घेत नाही, सुट्या घेतो, त्याही दुकानदार हात लावू देत असेल तर. सिगार दोन बोटांत धरून टोपीपासून पायथ्यापर्यंत हलकेच दाबत जावे. टोपीखालच्या दोन बोटांत गाठीसारखे काही लागले, की ती परत ठेवून शेजारची उचलावी.